जुन्या लिनक्सचा सपोर्ट संपतो, म्हणजे नेमकं काय होतं?

ऐरोली, रबाळे, महापे. नवी मुंबईच्या या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर्स आहेत. अशा ठिकाणी लिनक्सवर चालणारे सर्व्हर सर्रास असतात. त्यातली वर्षानुवर्षं वापरली गेलेली एक मोफत आवृत्ती म्हणजे सेंटओएस ७. ३० जून २०२४ ला तिचा सपोर्ट संपला.

मग सर्व्हर बंद पडले का?

नाही. सपोर्ट संपला तरी सर्व्हर चालूच राहतो. पण सुरक्षेत नवी फट सापडली, तर ती बुजवणारं मोफत अपडेट येत नाही. शिवाय 'यम' ही कमांड ज्या पत्त्यावरून सॉफ्टवेअर शोधायची, तो पत्ताच बंद झाला. त्यामुळे साधं पॅकेज टाकतानाही एरर येऊ लागली. जुनी पॅकेजेस सेटिंग बदलून मिळतात, पण त्यात आता सुधारणा होत नाहीत.

सपोर्ट काढतातच का?

लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम 'जीलिबसी' या लायब्ररीच्या आधारावर चालतात. सेंटओएस ७ मध्ये तिची २०१२ सालची आवृत्ती आहे. एवढ्या जुन्या आवृत्तीसाठी पॅकेज वेगळं बनवावं लागतं, वेगळं तपासावं लागतं. हे काम अनेकदा स्वयंसेवक करतात. जुन्यावर गेलेला वेळ नव्यातून वजा होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडने ही जुनी लायब्ररी सोडली. अपडेट घेतलेल्या डेव्हलपर्सना जुन्या सर्व्हरशी जोडता येईना. ओरड झाल्यावर कंपनीने १२ महिन्यांची सवलत दिली.

खरा प्रश्न मुदतीचा

सेंटओएस ७ २०१४ मध्ये आलं आणि ठरलेल्या तारखेलाच थांबलं. तयारीला अनेक वर्षं मिळाली. सेंटओएस ८ चं उलट झालं. ते २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर लोकांनी घेतलं. डिसेंबर २०२० मध्ये मात्र जाहीर झालं, की ते २०२१ अखेर बंद होणार. हातात उरलं जेमतेम एक वर्ष. त्या नाराजीतूनच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे पर्याय उभे राहिले.

म्हणजे जुनं सोडणं चूक नाही, दिलेली तारीख मोडणं महागात पडतं. आणि तारीख माहीत असूनही हातावर हात ठेवून बसलं, तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. तुमच्या शाळेचा, दवाखान्याचा किंवा सोसायटीचा डेटा सांभाळणाऱ्या कंपनीला एवढंच विचारा: सर्व्हरवर कोणतं लिनक्स आहे आणि त्याचा सपोर्ट कधी संपतो?