लाटेविरुद्ध नागपूर : मतपेटीतला राग कसा वाचावा?

१/ पराभवानंतर राजकीय पक्ष तीन कारणे हमखास देतात : लाट, बंडखोरी आणि मतदारांची दिशाभूल. मतदाराची तक्रारच रास्त होती, हे चौथे कारण त्या यादीत क्वचितच आढळते. आजचा धागा त्या चौथ्या कारणाविषयी, आणि उदाहरण नागपूरचे.

२/ आधी पार्श्वभूमी. मध्य प्रांत व वऱ्हाडची आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. ती डावलून १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात घालण्यात आला आणि नागपूरचे राजधानीपण गेले.

३/ १९५७ च्या निवडणुकीत मुंबई व पश्चिम महाराष्ट्राने द्वैभाषिकाविरुद्ध कौल दिला. संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला तिथे जबर धक्का दिला. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून निसटत्या मतांनी निवडून आले. राज्यातली सत्ता टिकूनही चव्हाणांनी आणि पुढे दिल्लीनेही त्या कौलाचा अर्थ ओळखला. तीन वर्षांत, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य झाले.

४/ नागपूरचा कौल मात्र असा वाचला गेला नाही. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या. हुकलेल्या तीनपैकी दोन विदर्भातल्या : चांद्यातून लाल श्याम शाह आणि नागपुरातून लोकनायक बापूजी अणे, दोघेही अपक्ष. अणे तेव्हा ८१ वर्षांचे होते आणि स्वतंत्र विदर्भाचे खंदे पुरस्कर्ते म्हणून सर्वांना ठाऊक होते.

५/ १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला विकासखर्च, शिक्षण व नोकऱ्यांत न्याय्य वाटा आणि नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन देऊ केले होते. अधिवेशन भरू लागले. वाट्याचा प्रश्न वादातच राहिला.

६/ १९७१ : इंदिरा गांधींच्या पक्षाला देशात ३५२ आणि महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा मिळाल्या. नागपूरने निवडले फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे, विदर्भ आंदोलनाचे नेते. १९७७ : उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. नागपूरने निवडले काँग्रेसचे गेव्ह आवारी. दोन्ही वेळा शहर देशातील लाटेच्या विरुद्ध गेले.

७/ १९८० मध्ये धोटे पुन्हा नागपुरातून जिंकले. या वेळी इंदिरा काँग्रेसचे उमेदवार म्हणून. पक्षाला जागाही मिळाली आणि प्रतिस्पर्धीही आपल्या गोटात आला. निवडणुकीच्या गणितात हा डाव चोख होता. ज्या कारणासाठी लोकांनी १९७१ मध्ये धोट्यांना निवडले होते, ते कारण मात्र जागेवरच राहिले.

८/ विभागवार अनुशेष मोजण्यासाठी वि. म. दांडेकर समिती नेमली गेली १९८३ मध्ये. अहवाल आला १९८४ मध्ये, म्हणजे अणे यांच्या विजयानंतर २२ वर्षांनी. वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली १९९४ मध्ये. २०२० मध्ये त्यांची मुदत संपली.

९/ यावर एक रास्त आक्षेप आहे. स्वतंत्र विदर्भाच्या नावावर लढणाऱ्यांना पुढे मतदाराने फारसे जवळ केले नाही. मग राग खरा कसा? माझे मत असे : वेगळे राज्य, गेलेली राजधानी, सिंचन, नोकऱ्या या निरनिराळ्या तक्रारी होत्या. अणे आणि धोटे यांच्या मतांत त्या एकत्र आल्या. राज्याची मागणी मागे पडली म्हणून पाण्याची तक्रार मिटत नाही.

१०/ म्हणून कोणत्याही पक्षाच्या नेत्याने यातून तीन गोष्टी शिकाव्यात. लाटेचे कारण देण्याआधी लाटेविरुद्ध गेलेले मतदारसंघ तपासावेत. रागाचा नेता पक्षात घेतला म्हणजे राग शमला, असे मानू नये. आणि तक्रारीचे मोजमाप पराभवानंतर लगेच करावे. ते लांबले की एका पिढीची शेती, शिक्षण आणि नोकरीची वर्षे निघून जातात.

११/ पुढचा निकाल लागला की विजयी पक्षाच्या भाषणांपेक्षा पराभूत पक्षाची कारणमीमांसा ऐका. तिच्यात ते चौथे कारण आहे का, एवढे पाहा.