मखरासाठी सोफा हलवण्याआधी

गणपती आठवड्यावर आले की घरातलं सामान चालायला लागतं. सोफा गॅलरीकडे सरकतो, टीव्हीचं कपाट भिंत बदलतं, जेवणाचं टेबल आतल्या खोलीत जातं आणि मखराला जागा होते. बहुतेक घरांत या हलवाहलवीत मजा असते. ज्या घरात स्वमग्न मूल आहे, तिथल्या आईच्या पोटात मात्र याच आठवड्यात गोळा येतो. ‘इथे सोफा होता’ हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं, मग रडणं, मग कानांवर हात. आणि आलेल्यांपैकी कुणी तरी हातातली मोदकाची बशी न ठेवता म्हणतंच, ‘फार लाडावून ठेवलंयत हो याला.’

लाडांचा इथे काही संबंध नाही. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोरमध्ये अकरा मुलांवर जो निबंध लिहिला, त्याने ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, हे निदान वैद्यकात रुजवलं. ‘सगळं होतं तसंच राहावं’ ही ओढ त्यांनी तेव्हाच या स्थितीच्या मध्यभागी ठेवली होती. त्यात जॉन नावाच्या एका मुलाची हकिकत आहे. घर बदलताना हमालांनी त्याच्या खोलीतला गालिचा गुंडाळायला घेतला आणि तो सैरभैर झाला. नव्या घरात आपलं सामान पूर्वीसारखंच मांडलेलं दिसेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर आला नाही. ते दिसल्यावर मात्र खुलला आणि एकेका वस्तूला मायेनं थोपटत फिरला. मला ही जुनी नोंद आजच्या पुष्कळ सल्लापुस्तकांहून उपयोगाची वाटते. नीट वाचली तर लक्षात येतं की घर बदललेलं जॉननं चालवून घेतलं. भिंती, रस्ता, शेजार सगळं नवं होतं. त्याला जुनी हवी होती ती मांडणी. म्हणजे या मुलांना कुठलाच बदल सोसत नाही, हा समज खोटा. कुठल्या गोष्टीला हात लावायचा नाही, हे आधी त्यांच्याकडून समजून घ्यावं लागतं, इतकंच.

हे असं का होतं, यावर लिझ पेलिकानो आणि डेव्हिड बर या संशोधकांनी २०१२ मध्ये एक विचार मांडला. आपला मेंदू समोरचं सगळं दर वेळी नव्यानं पाहत नाही. आधीच्या अनुभवावरून अंदाज बांधतो आणि उरलेलं सोडून देतो. रोजच्या जिन्यावरून वीज गेलेली असतानाही आपण उतरतो ते याच जोरावर, आणि एक पायरी कमी निघाली तर छातीत धस्स होतं ते अंदाज चुकल्यामुळे. त्या दोघांच्या म्हणण्यानुसार स्वमग्न माणसाच्या मेंदूत हे अंदाज सैल असतात, त्यामुळे जग थेट आणि जास्तच खरं अंगावर येतं. हे गृहीतक आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण ते एकदा डोक्यात ठेवलं की पुष्कळ गोष्टी उलगडतात. कुकरची शिट्टी, मिक्सर, खालच्या मांडवातला ढोल, मावशीच्या साडीचा वास, हे सगळं एकाच मोठ्या आवाजात ऐकू येत असेल, तर किमान सोफा तरी जागच्या जागी असावा असं कुणाला वाटणार नाही?

आता दुसरी बाजू. कल्याणला माझ्या मावसबहिणीचं घर आहे. तिचा मुलगा अकरा वर्षांचा, स्वमग्न. त्याच्या निदानाच्या वेळी डॉक्टरांनी प्रश्नांचे कागद भरायला दिले. ‘वस्तू हरवतो का? सुरू केलेलं काम अर्धवट सोडतो का? बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होण्याआधी उत्तर देतो का?’ कागद भरता भरता मुलाचा बाप थांबला आणि म्हणाला, ‘हे तर माझ्याबद्दल लिहिलंय.’ पुढे चाळिशीत त्याला एडीएचडीचं, म्हणजे अवधान-न्यूनता आणि अतिचंचलतेचं, निदान मिळालं. हे अनेक घरांत असंच घडतं. दोन्ही स्थितींमागे आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे, आणि दोन्हींची काही मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत.

एडीएचडीबद्दल आपल्याकडे दोनच समजुती प्रचलित आहेत. एक तर तो शाळेत बाकावरून उड्या मारणाऱ्या पोराला होतो, आणि दुसरी म्हणजे मोठ्या माणसात दिसला की तो आळस असतो. मावसबहिणीचा नवरा आळशी नाही. कंपनीत रात्री अडीचला सर्व्हर बंद पडला तर लोक त्यालाच उठवतात. पण गॅसवर दूध ठेवून ‘दोनच मिनिटं’ म्हणून तो बाहेर येतो आणि दूध उतू जातं. वीजबिलाचे पैसे खात्यात असतात, फोन हातात असतो, तारीखही माहीत असते, तरी बिल भरायचं राहतं. रसेल बार्कली हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं हेच सांगत आहेत: एडीएचडी असलेल्या माणसाला काय करायचं हे ठाऊक असतं, अडतं ते ठाऊक असलेलं नेमक्या वेळी, नेमक्या जागी अमलात आणण्यात. त्याच्या घड्याळात ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ अशा दोनच वेळा असतात. शुक्रवारचं बिल सोमवारी ‘नंतर’मध्ये असतं आणि शुक्रवारी रात्री साडेअकराला एकदम ‘आत्ता’त येऊन आदळतं. अशा माणसाला ‘जरा मनावर घे’ म्हणणं निरुपयोगी आहे. मनावर तर त्यानं आधीच घेतलेलं असतं, आणि त्याची शरमही मनावरच असते.

आता ही दोन माणसं एका घरात ठेवून पाहा. मुलाला डब्यात पोळीचे चार तुकडे लागतात, भाजीला न टेकलेले. बापाला हे माहीत आहे. तरी घाईत तो पोळीची गुंडाळी करून देतो. मुलगा शाळेत डबा उघडतो, बंद करतो आणि दिवसभर उपाशी राहतो. शाळेतून आणताना रोजच्या मारुती मंदिरावरून यायचं असतं. बापाला वाटेत आठवतं की औषधं घ्यायची राहिली, तो स्कूटर स्टेशनकडे वळवतो, आणि मागे बसलेला मुलगा किंचाळायला लागतो. हा हट्ट नव्हे. हट्टाला समोर कुणी तरी लागतं आणि हवी ती वस्तू मिळाली की तो संपतो. पालक ज्याला मेल्टडाउन म्हणतात त्याला प्रेक्षक नको असतो आणि चॉकलेट देऊन ते थांबत नाही. ते ओसरावंच लागतं. एकाला सगळं तसंच हवं आहे आणि दुसऱ्याला काहीही सलग तसंच ठेवता येत नाही. दोघांचंही एकमेकांवर जिवापाड प्रेम आहे, हे मी पाहिलेलं आहे. प्रेमानं डब्यातली पोळी कापली जात नाही.

मग हे घर चालतं कसं? बाईच्या डोक्यावर. कुणाची थेरपी कधी, कोणाची निळी बाटली, कोणत्या दिवशी पांढरे बूट, नवऱ्याची गोळी, बिलाची तारीख, सगळं तिच्या आठवणीत. घराची घडी बसवणारी बाई म्हणून तिचं कौतुक होतं, आणि हे कौतुक मला फार खटकतं. ती माहेरी दोन दिवस गेली की घडी मोडते. मग ‘तुझ्याशिवाय यांचं पान हलत नाही’ असं सासूबाई कौतुकानं म्हणतात. याच कौतुकापायी गेल्या पावसाळ्यात तापानं फणफणत असताना ती पहाटे उठून पोळीचे चार तुकडे करत होती.

या सदरात मी सहसा घरगुती तोडगे देत नाही, पण माझं एक ठाम मत आहे. असं घर कुणाच्याही आठवणीवर आणि इच्छाशक्तीवर चालवू नये. आठवण भिंतीवर, वस्तूवर, जागेवर नेऊन ठेवावी. मावसबहिणीकडे आता स्वयंपाकघराच्या दाराशी पांढरा फळा आहे. मधोमध काळी चिकटपट्टी. डावा अर्धा मुलाचा: उठणं, दात, आंघोळ, डबा, शाळा, क्रमानं लावलेली चित्रं. उजवा अर्धा बापाचा. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चार तुकड्यांचा फोटो चिकटवलेला आहे. बापानं झाकण उचललं की पुढचं काम त्याच्या डोळ्यांसमोरच असतं. गोळीची पट्टी टूथब्रशच्या पेल्यात, किल्ली दाराच्या कडीशेजारी, वीजबिल बँकेतून आपोआप. शेगडीशी चावीचा टायमर, कारण फोनवर टायमर लावायला गेलेला हा माणूस फोनमध्येच हरवतो.

फळा आल्यावर लगेच एक भांडण झालं, आणि ते मला फार बोलकं वाटतं. एडीएचडीच्या मेंदूला नव्याची ओढ असते. फळा आठवडाभर डोळ्यांत भरतो, मग भिंतीचाच भाग होतो आणि दिसेनासा होतो. म्हणून बापाला शाईचा रंग बदलायचा होता, चित्रं वरखाली करायची होती. मुलाच्या बाबतीत बरोबर उलट: फळा जितका जुना तितका खरा. चिकटपट्टी तेव्हा आली. उजव्या बाजूला बाप लाल-हिरवं काय हवं ते करतो, लोहचुंबकं लावतो, कधी उलटं लिहितो. डाव्या बाजूला हात लावायचा नाही. बदल करायचाच असेल तर आदल्या संध्याकाळी मुलाला सांगून, त्याच्याच हातानं. आणि एक प्रश्नचिन्हाचं कार्ड आहे, ज्याचा अर्थ ‘इथे काय होईल ते माहीत नाही’. जुलैत जिल्हाधिकारी पावसामुळे सुट्टी जाहीर करतात आणि सकाळी सहाला शाळेचा मेसेज येतो, तेव्हा ते कार्ड ‘शाळा’ या चित्रावर लागतं. रडणं अजूनही येतं, पण ते आता लवकर ओसरतं.

ही ओढाताण एकाच माणसाच्या आत चालू असते, तेव्हा बाहेरून काहीच कळत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेची निदानपुस्तिका २०१३ पर्यंत सांगत होती की ऑटिझम असेल तर एडीएचडीचं निदान वेगळं करायचं नाही. त्या वर्षी पाचवी आवृत्ती आली आणि ही अट गेली. त्याआधी वाढलेल्या पिढीत असे कितीतरी लोक आहेत ज्यांना अर्धंच निदान मिळालं, आणि बायकांना पुष्कळदा तेही नाही. वक्तशीर, हुशार, घरी आल्यावर दिवे न लावता तासभर बसून राहणारी बाई ही काळजीचं कारण आहे, असं कुणाला वाटतंच नाही. तिला रोज एकच नाश्ता हवा असतो आणि तो करायला घेण्याचं तिच्याच्यानं होत नाही. ठरलेलं वेळापत्रक तिला जगवतं आणि तिसऱ्या दिवशी त्याच वेळापत्रकाचा वीट येतो. एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट, अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधं आपल्याकडे मिळतात, मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली ती घ्यायची असतात आणि अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो. काही जण सांगतात की औषधानं डोक्यातला गलका कमी झाल्यावर सारखेपणाची भूक अधिक स्पष्ट जाणवायला लागली. स्वमग्नतेची ही ओढ काढून टाकणारं औषध नाही, आणि मला विचाराल तर ते शोधण्याची घाईही नको.

‘जगात असं चालत नाही, सवय लावा’ असं म्हणणारे काका-आजोबा प्रत्येक घरात असतात. त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. मुलानं एक दिवस एकट्यानं लोकल पकडावी आणि ऐन वेळी ‘गाडी दोनऐवजी चार नंबरवर’ अशी घोषणा झाली तर जिना चढून जावं, असं त्याच्या आईलाही वाटतं. पण सवय लागते ती सांगून केलेल्या छोट्या बदलांनी. मुद्दाम सोफा हलवून ‘बघू काय करतो’ म्हणण्यानं शिकवलं जातं ते एवढंच, की घरातल्या माणसांवरही भरवसा ठेवता येत नाही.

शाळांचं मात्र मला कळत नाही. पीटीच्या तासाला गणित घ्यायचं आहे हे सरांना आदल्या दिवशी ठाऊक असतं. बाई रजेवर जाणार हे मुख्याध्यापकांना ठाऊक असतं. फी थकली तर मेसेज त्याच संध्याकाळी येतो. उद्याचा बदल एका ओळीत कळवायला पैसे लागत नाहीत. तरी ‘एका मुलासाठी कुठे?’ हे उत्तर मी वेगवेगळ्या शाळांच्या दारात ऐकलं आहे. एकच मूल, हा हिशेबही चुकीचा. ती एक ओळ वही विसरणाऱ्या, शेवटच्या बाकावरून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलालाही तितकीच उपयोगी पडेल.

आणि खिडकीबाहेर पाहणाऱ्या त्या मुलाला एडीएचडी असेल, तर त्याच्यासाठी कायद्याचा आधारही तोकडा आहे. १९९५च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. एडीएचडी नाही. म्हणजे कल्याणच्या त्या घरात मुलाचं युडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, निघालं, परीक्षेत सवलत मागता येते, नकार मिळाला तर भांडता येतं. बापानं कंपनीत ‘मीटिंगचे मुद्दे मला आधी लिहून द्या’ एवढं मागितलं, तेव्हा साहेबांनी विचारलं, सर्टिफिकेट आहे का?