डोकं दुखतंय? मग सांग ना!

माझ्या इन्स्टावर सगळ्यात जास्त लाइक्स मिळालेला व्हिडिओ चौदा सेकंदांचा आहे. सार पासच्या पलीकडच्या उतारावरून मी बर्फात बसून सुसाट घसरत खाली येतेय, किंचाळतेय, खाली उभी असलेली पोरं टाळ्या वाजवतायत. खाली कमेंट्स, 'काय भारी!', 'क्वीन!', 'पुढच्या वर्षी आपण पण!' माझ्या पुढ्यात एक गाईड बसलेले दिसतात. ते का बसलेत, हे आजवर कोणीच विचारलं नाही.

आता मे महिन्याच्या बॅचेस भरायला लागल्यात, कॉलेजच्या ग्रुप्सवर 'हिमालय कोण कोण?' सुरू झालंय, म्हणून सांगूनच टाकते. तो व्हिडिओ मजेचा नाहीये. मला लवकरात लवकर खाली उतरवणं चाललं होतं.

सार पास हिमाचलमध्ये, पार्वती खोऱ्यात. कसोलहून निघायचं, मग ग्रहण गाव, मिन थाच, नगारू आणि पाचव्या दिवशी साधारण ४,२०० मीटरवरचा बर्फाचा पास. मराठी पोरांचा हा हक्काचा पहिला हिमालयन ट्रेक. मी जाताना फुल कॉन्फिडन्समध्ये होते. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, कळसूबाई तर तीनदा, मग काय! पण कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक. कसोल, जिथे आपण फक्त बसमधून उतरून मॅगी खातो, ते जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. सह्याद्रीने पाय तयार होतात, दम वाढतो. पण ४,२०० मीटरवर हवेचा दाब इतका कमी असतो, की प्रत्येक श्वासातून समुद्रकिनाऱ्यावरच्या साधारण ६० टक्केच ऑक्सिजन मिळतो. त्याची सवय शरीराला तिथे राहूनच होते. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही उंचीचा त्रास होऊ शकतो आणि त्याच्या शेजारच्या गुटगुटीत मित्राला काहीच होत नाही.

नगारूला पोहोचले तेव्हा दुपारपासून डोकं ठणकत होतं. तंबूमागे जाऊन एकदा उलटीही झाली. वर बूट घासून बर्फ टाकला, कोणाला दिसू नये म्हणून. संध्याकाळी लीडरने आम्हा तीसेक जणांना ओळीत उभं केलं. "किसी को सरदर्द? उल्टी?" सगळ्यांनी शाळेतल्यासारखं एका सुरात "नहीं सर!" म्हटलं. मीही. मग ऑक्सिमीटर. त्याची युक्ती एका सिनिअरने आधीच सांगितली होती. आधी हात चोळून गरम करायचे, दहा मोठे श्वास घ्यायचे आणि मग बोट पुढे करायचं. आकडा मस्त आला.

आमच्या तंबूतली नाशिकची मैत्रीण मात्र खरं बोलली. डोकं दुखतंय, जेवण जात नाहीये. उजेड होता तोवरच तिला सोबत देऊन मिन थाचला खाली पाठवलं. ती रडत होती. 'अगं, पुढच्या वेळी करशील ना,' म्हणून तिची समजूत कोणी काढली असेल? मी. स्वतःचं डोकं फुटायची वेळ आलेली असताना.

रात्री दोनला चहा, तीनला चालायला सुरुवात. ऊन पडायच्या आत पास ओलांडायचा असतो, कारण रात्रीत गोठलेला बर्फ टणक असतो. उन्हाने तो भुसभुशीत झाला, की पाय आत जायला लागतात. गाईड पुढे बुटाच्या टोकाने पायऱ्या पाडत होते, डावीकडे सरळ उतार, हेडटॉर्चच्या उजेडात फक्त पुढच्याचे बूट दिसायचे. मी एका खाचेत पाय टाकायला जायचे आणि तो दुसरीकडेच पडायचा. मागचा मुलगा म्हणाला, "अगं, तू सरळ चालत नाहीयेस." मी म्हटलं, झोप आलीये.

मग घसरले. दोन-तीन फूटच. गाईडने सॅकचा पट्टा धरला म्हणून तेवढ्यावर भागलं. त्यांनी माझ्या डोळ्यांवर टॉर्च मारला, परत विचारलं, आणि या वेळी मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "कल पूछा था ना?"

डोकेदुखीबरोबर तोल जायला लागला तर त्यात मेंदूला सूज आल्याची शंका असते, आणि त्यावर मुख्य उपाय एकच, ताबडतोब खाली नेणं. हे मी नंतर वाचलं. पास जवळ होता आणि पलीकडून झटपट खाली उतरता येत होतं, म्हणून मला मागे न नेता पुढे काढलं. पण हे ठरेपर्यंत, माझी सॅक काढून दोर बांधेपर्यंत अख्खी रांग चाळीस मिनिटं त्या उतारावर थांबली. सूर्य वर आला. मागच्या त्याच मुलाचा पाय मांडीपर्यंत बर्फात गेला आणि गुडघा मुरगळला. पुढचे दोन दिवस तो लंगडत चालला. त्याची काहीही चूक नव्हती.

आता मुद्द्याचं. आपण खोटं का बोलतो? फी भरलेली असते, सुट्टी मोजकी असते, घरी 'मी करणारच' सांगून झालेलं असतं. रील तर असतंच. पण आयोजकांनाही विचारायचंय, तीस जणांसमोर ओळीत उभं करून विचारलं तर विशीतलं कोण हात वर करेल? तंबूत येऊन एकेकाला विचारा. खाली परतलेल्यालाही सर्टिफिकेट द्या. ३,००० मीटरच्या वर रोजची झोपायची जागा ५०० मीटरहून जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असं डॉक्टर सांगतात. बुकिंग करताना आपणही फोटो सोडून मुक्कामांच्या उंचीचे आकडे बघूया की. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालला कर्नाटकातले नऊ ट्रेकर्स गेले. तिथे कारण हवामान होतं, उंचीचा आजार नव्हे. पण वाचलेल्यांना आणायला हेलिकॉप्टर लागली, हे विसरू नका. वर १०८ येत नाही.

परवा एका ज्युनिअरने विचारलं, डायमॉक्स आधीच घेऊन टाकू का? म्हटलं, ते डॉक्टरांना विचार. आणि मग तिला हे सगळं सांगितलं, तंबूमागच्या उलटीसकट. तिचा लगेच रिप्लाय आला, 'पण ताई, तू पोहोचलीस ना शेवटी?'

मी तिला नाशिकच्या मैत्रिणीचा नंबर दिलाय.