देखणी राजी, दमवणारी लढाई

भिलाईचा पोलाद कारखाना रशियनांच्या मदतीनं उभा राहिला आणि १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, हे तिथलं शाळकरी पोरही सांगेल. पण नव्वदच्या दशकात देशभरातल्या पोरांप्रमाणे कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या पोरांच्याही हाताला चिकटलं होतं ते दुसरंच रशियन अपत्य. ब्रिक गेम! मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव्हनं १९८४मध्ये रचलेल्या ‘टेट्रिस’ची ही स्वस्तातली आवृत्ती. ना राजा ना राणी, ना रंग ना गोष्ट. वरून विटा पडणार, खाली त्या रचायच्या, बस्स. तरी आई जेवायला हाका मारून थकायची.

याच्या नेमका उलट मामला पुण्यात घडला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांनी ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ही छोटी कंपनी काढली. २०१७मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारायचा प्रयत्न फसला. काम थांबू नये म्हणून श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला. अखेर २०२०मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला.

सर्कशीत कसरती करणारी राजी, राखीच्या सणाला राक्षसांनी पळवलेला तिचा धाकटा भाऊ गोलू आणि तिची पाठराखण करणारे दुर्गा व विष्णू. राजस्थानी महालांचे सज्जे, पहाडी चित्रांचे रंग, छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा. गेम कसला, चित्रांचं पुस्तकच! जगभरच्या समीक्षकांनी वाहवा केली. त्या वर्षीच्या ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या उत्तम खेळांच्या यादीतही ‘राजी’ झळकली.

पण तासाभरात बोटं कंटाळतात. अंगणात शिरावं तर राक्षस वाट अडवणार. त्रिशूळ फिरवा, उडी मारा, पुन्हा त्रिशूळ. सगळे पडले की वाट मोकळी, आणि पुढच्या अंगणात तेच. चक्रं फिरवून चित्र जुळवायची कोडी तर एखादं चुणचुणीत पोर चहा निवेपर्यंत सोडवेल. वाहवा करणाऱ्यांपैकीच अनेकांनी या लढाईला नावं ठेवली.

घर विकून केलेल्या कामाला नावं कशी ठेवायची, असं कुणालाही वाटेल. पण सिनेमात पडद्यावरचा देखावा प्रेक्षकाला खुर्चीत बसवून ठेवतो; इथं सगळी कामगिरी खेळणाऱ्याच्याच हाताची. हाताला गंमत वाटली नाही तर सज्जे कितीही सुंदर असोत, पोर उठून क्रिकेट खेळायला जाणार.

पुणेकरांनी हे ऐकलं, ही मोठी गोष्ट. २०२२च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी लढाईची डागडुजी केली आणि पात्रांना हिंदीत बोलतं केलं. घरात मराठी आणि अंगणात हिंदी बोलणाऱ्या भिलाईच्या पोरांना ही राजी जास्त आपलीशी वाटावी. गोष्ट मात्र ऐन रंगात तुटते, ती तुटतेच.