पुदिन्याचं तेल चांगलं, पण आधी ऊन आणि घट्ट झाकण



हरभऱ्याचे घाटे भरलेत, गव्हाला रंग चढतोय. महिन्याभरात धान्य घरात येईल आणि दरवर्षीचा प्रश्न पुन्हा उभा राहील, किड्याचं काय करायचं? सध्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय, पुदिन्याच्या तेलाचे चार थेंब टाका, सोंडे गायब. खरं का, म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं. माझं उत्तर असं, की अर्धं खरं आहे. राहिलेलं अर्धं समजून घेतलं नाही तर तेलाचे पैसेही जातील आणि धान्यही.

मी तेलाकडं का वळलो ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी गव्हाच्या कोठीत मी गोळ्या टाकल्या होत्या. दुकानातनं सुट्ट्या, कागदाच्या पुडीत आणलेल्या. कोठी माजघरात आणि आई तिथंच झोपायची. मध्यरात्री तिला उलट्या सुरू झाल्या, छाती दाबल्यासारखी झाली. उचलून ओट्यावर आणली, तशीच गाडीत घालून दवाखाना गाठला. वाचली. पण डॉक्टर मला जे बोलले ते अजून कानात आहे.

ती गोळी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतली ओल लागली की तिच्यातनं फॉस्फीन वायू सुटतो. त्याच्यावर उतारा नाही. कायद्यानंही ती घरात वापरायची वस्तू नाही. सरकारी यंत्रणा आणि कीड नियंत्रण करणाऱ्या लोकांनीच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायची. ३ ग्रॅमच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर २००१ सालीच बंदी आली. तरी गावोगाव गोळी मिळते आणि आपण ती पोरंबाळं झोपतात त्या खोलीत ठेवतो. चूक माझीच होती, म्हणून उघड लिहितोय.

आता तेलाचं. आपल्या घरात अमृतधारेची बाटली असते. तिच्यात कापूर, ओव्याचं फूल आणि पिपरमिंट, म्हणजे पुदिन्याचं सत्त्व. या तिन्हींच्या वाफेनं धान्यातले किडे मरतात किंवा लांब पळतात, हे शास्त्रज्ञांनी तपासलेलं आहे. निलगिरी, लवंग, गवती चहा यांच्या तेलांचंही तसंच. म्हणजे विषय थोतांड नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. पिपरमिंट ज्या पुदिन्यापासून निघतं तो उत्तर प्रदेशात बाराबंकीकडं शेतावर घेतात. आपण चटणीला लावतो तो पुदिना वेगळा, त्यात मेंथॉल जवळजवळ नसतंच. बांधावरचा पाला वाळवून पोत्यात टाकला आणि किडा लागला, तर तेलाला नावं ठेवू नका.

दुसरी गोष्ट, वाफ कोंडली तरच काम करते. मी हरभऱ्याचं बियाणं दोन सारख्या डब्यांत भरलं, दोन्हींत तेलाचा बोळा ठेवला. एकाचं झाकण घट्ट, दुसऱ्याचं ढिलं. पाऊस संपल्यावर उघडले तर घट्ट डब्यातलं बियाणं चांगलं निघालं आणि ढिल्या डब्यात भुंगेरे फिरत होते. वास दोन दिवसांत उडून गेला असणार. पोत्यात, कणगीत तेल टाकणं म्हणजे उघड्या माळावर धूप जाळणं.

तिसरी गोष्ट, किडा कोणता ते बघा. हरभरा, मूग, मटकी, वालाचा भुंगेरा दाण्याच्या वरच्या सालीवर अंडी चिकटवतो. पांढरे ठिपके दिसतात ती हीच अंडी. दाण्याला तेलाचा हात असला की अंडं नीट चिकटत नाही आणि गुदमरतं. आपल्या आया-आज्या डाळीला एरंडेल चोळायच्या ते उगाच नाही. किलोला ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा पुरतो. गहू-तांदळाचा सोंड्या मात्र दाणा पोखरून आत अंडं घालतो आणि वरनं भोक बुजवतो. तिथं वरनं चोळलेलं तेल कमी पडतं. शिवाय कडधान्याचा भुंगेरा बऱ्याचदा शेतातनंच शेंगेवर अंडी घेऊन येतो. म्हणून घरात आल्यावर पहिल्या आठवड्यातच उपाय करायचा, किडा दिसल्यावर नाही.

आता मी काय करतो ते:

१. धान्य कडक उन्हात वाळवतो. दाताखाली कट्ट वाजलं पाहिजे. गहू-ज्वारीत ओल १० ते १२ टक्क्यांच्या वर नको, कडधान्यात त्याहून कमी. गार झाल्यावरच भरतो.
२. जुनं आणि नवं धान्य एकत्र करत नाही. जुनी पोती उकळत्या पाण्यातनं काढून वाळवतो.
३. खायच्या कडधान्याला एरंडेल. बियाण्याच्या डब्यात झाकणाखाली पिपरमिंट तेलाचा बोळा, दाण्याला न लागेल असा. डबा काठोकाठ भरतो, झाकणाला चिकटपट्टी.
४. पेरणीआधी १०० दाणे ओल्या फडक्यात उगवून बघतो. तेल जास्त झालं तर उगवण मार खाते.
५. तेल आणि कापूर लहान पोरांच्या हाताला लागू देत नाही. नैसर्गिक आहे म्हणून पोटात गेलं तर चालतं असं नाही.

डिंभ्याच्या वर आणि नाणेघाटाच्या बाजूला आपल्या आदिवासी भावांची अडचण वेगळी. तिथं चार महिने हवाच ओली. त्यांनी भात सालासकट ठेवायचा आणि लागेल तसा भरडायचा, हेच बरं. साल हेच त्याचं चिलखत. सडलेला तांदूळ ठेवला की सोंडे आलेच.

शेवटी कृषीवाल्या मंडळींना एक विनंती. फवारणीचं वेळापत्रक तुम्ही दर आठवड्याला देता, त्याबद्दल आभार. पण पिकलेलं धान्य घरात टिकवायचं कसं, यावर शिवारफेरीत कोणी बोलत नाही. एका क्विंटलच्या बंद कोठीला कोणतं तेल किती, वास किती दिवस राहतो, उगवणीवर काय होतं, हे आमच्या घरांत, आमच्या पावसात करून दाखवा. गावाला ओल मोजायचं एक यंत्र द्या, हवाबंद पिशव्या अनुदानात बसवा. शेतकरी गोळी हौसेनं आणत नाही. दुसरा भरवशाचा रस्ता कोणी दाखवत नाही म्हणून आणतो.

तोवर पुदिन्याचं तेल वापरा, पण ऊन आणि घट्ट झाकण यांच्या जोडीला, त्यांच्या जागी नाही. आणि घरात गोळ्या असतील तर कोठीत टाकू नका, उघड्यावर फेकूही नका, पाणी तर लावूच नका. कोरड्या जागी, घराबाहेर, कुलपात ठेवा आणि कृषी सहायकाला सांगा.

तुमच्याकडं वाल-घेवडा कसा टिकवतात? राख, निर्गुडी, करंजाचा पाला, काय चालतं आणि काय चालत नाही, ते खाली जरूर लिहा.