आयर्विनला पाणी किती?

मिरजेच्या स्टेशनवर उतरणाऱ्यांतले बरेचजण हातात रिपोर्टची पिशवी घेऊनच उतरतात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशनचं रुग्णालय काढलं आणि तेव्हापासून बेळगाव-विजापूरपासून सोलापूरपर्यंतची माणसं दुखणं वाढलं की मिरज गाठतात. सांगली-मिरज रस्त्यावर एका वस्तीचं नावच वॉनलेसवाडी आहे. गावाला दवाखान्यांची सवय इतकी, की रिक्षावाला पत्त्याऐवजी पेशंटला काय झालंय ते विचारतो.

अलीकडे या गर्दीत आणखी एक जात दिसते. ही मंडळी इथलीच, पण पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला, बेंगळुरूला गेलेली. दिवाळीला एकाची रजा जमते तर दुसऱ्याची नाही. गणपतीत धाकटी येते, थोरला फोनवरून आरती ऐकतो. वडिलांना ॲडमिट केलं असा फोन आला की मात्र तिघंही रातोरात हजर. कैक वर्षांनी सगळी भावंडं एका छपराखाली येतात, आणि ते छप्पर दवाखान्याच्या कँटीनचं असतं.

आल्यावर कळतं, की करण्यासारखं फारसं काही नाही. आयसीयूत सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ, एका पासवर एकच माणूस. चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, दोन मिनिटं उभं राहायचं, तोवर सिस्टर म्हणते, ‘चला, पुढच्याला पाठवा.’ उरलेला दिवस प्लास्टिकच्या खुर्चीवर. एकजण औषधांची चिठ्ठी घेऊन खाली-वर करतो, बाकीचे मोबाइल चार्ज करायला जागा शोधतात.

मग कुणीतरी हळूच म्हणतं, जरा कृष्णेच्या घाटावर जाऊन येऊ या का?

इथंच नातेवाईक टपलेले असतात. ‘बाप दवाखान्यात आणि ही पोरं नरसोबाच्या वाडीला बासुंदी खायला!’ हे वाक्य आत्याच्या तोंडचं असो की शेजारच्या काकांच्या, त्यातला सूर ठरलेला. एकानं पेशंटजवळ थांबायचं ठरलं असेल आणि फोन चालू असेल, तर बाकीच्यांनी खुर्ची अडवून काय साधतं, हे मात्र त्यांतलं कुणी सांगत नाही. उलट बाहेर फिरून आलेला मुलगा आत जाताना काहीतरी घेऊन जातो. बातमी.

म्हातारा पेशंट दवाखान्यात पडला की त्याचा दिवस-रात्रीचा हिशेब बिघडतो. ट्यूबलाइट चोवीस तास चालू, मशिनचा आवाज, चष्मा घरी राहिलेला, कानातलं यंत्र पिशवीत. काल बरा बोलणारा माणूस आज स्वतःला एसटी स्टँडवर समजतो, सुया उपसतो, मुलाला मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारतो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. घरच्यांना वाटतं, वडिलांना वेड लागलं. त्यामागं सोडियम कमी झालेलं असू शकतं, जंतुसंसर्ग असू शकतो, एखादं औषधही असू शकतं. म्हणून डॉक्टरांना लगेच सांगायचंच. पण पुष्कळदा हा डिलिरियम टाळताही येतो. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या डॉ. शेरॉन इनोये यांनी सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. नेहमीच्या पद्धतीनं उपचार झालेल्यांत १५ टक्क्यांना हा भ्रम झाला; विशेष काळजी घेतलेल्यांत ९.९ टक्क्यांना. त्या काळजीत भारी औषध नव्हतं. चष्मा नि श्रवणयंत्र लावणं, पाणी पाजणं, चालवणं, रात्री झोपू देणं, आज वार कोणता ते सांगणं, आणि दिवसातून अनेकदा गप्पा मारणं. चालू घडामोडींवर, जुन्या आठवणींवर.

आता या गप्पांना खुराक कुठून आणणार? ‘कसं वाटतंय?’ हे तिघांनी विचारून झालं की विषय संपतो.

पावसाळ्यात सांगली-मिरजेच्या म्हाताऱ्याला शुद्धीवर आणणारा प्रश्न एकच, आयर्विनला पाणी किती? सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांना इशारा देते आणि ४५ फुटांना धोका. कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, वारणा किती फुगलीय, याचं गणित इथल्या सत्तरीतल्या माणसाला तोंडपाठ असतं. मुलगा पुलावर जाऊन पट्टी बघून आला आणि ‘बत्तीस’ म्हणाला, की ऑक्सिजनच्या नळीमागून उत्तर येतं, ‘चढतंय का उतरतंय?’ पुण्याच्या मुलाला हे बघायचं सुचलेलं नसतं. त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं.

नरसोबाच्या वाडीचंही तसंच. पंचगंगा आणि कृष्णेच्या संगमावरच्या त्या दत्तमंदिरात पुराचं पाणी शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तो दक्षिणद्वार सोहळा. तो झाला का, हे सांगायला वाडीला गेलेल्या लेकीनं बासुंदीही खाल्ली असेल तर बिघडलं कुठं?

पाऊस जोरात असेल तर गावातच सतारमेकरांच्या गल्लीत जावं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे माळ्यावर टांगलेले, खाली कारागीर तारेवर कान लावून बसलेला. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीडेकशे वर्षांपूर्वी हे काम हाती घेतलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांचं अख्खं बालपण या गल्लीतून सायकल हाणण्यात गेलं, ते पहिल्यांदा आत डोकावतात ते असे, वडील ॲडमिट असताना.

भेटायला येणाऱ्यांची मात्र वेगळी तऱ्हा. शहाळं घेऊन येतात आणि ‘आमच्या साडूंनाही असंच झालं होतं, चौथ्या दिवशी गेले’ एवढं ऐकवून जातात. फिरायला गेलेल्या पोरांपेक्षा या मंडळींचे पास आधी तपासावेत.

डिस्चार्जच्या दिवशी आणखी एक फेरी पदरात पडते. रोकडविरहित विम्याचा अंतिम होकार तीन तासांत द्यावा, असं विमा नियामकानं २०२४ पासून बजावलं आहे. सकाळी डॉक्टर ‘आज घरी’ म्हणतात, फाइल बिलिंगला जाते, तिथून विम्याच्या टेबलावर. पेशंट कपडे बदलून तयार, गाडी दाराशी. जावई तेवढ्यात पुण्याला न्यायचं भडंग घ्यायला सांगलीला पळालेला, आणि नेमकं विमा कार्ड त्याच्या पाकिटात.