श्राद्ध सोडलं, हक्कसोड कधी सोडणार?

जलदान विधी होतो. बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात, मुंबईहून आलेली मंडळी शोकसभेत दोन शब्द बोलतात, जेवणं उरकतात. मग पडवीत भावकीतला कुणी जाणता माणूस विषय काढतो, 'पोरींच्या सह्या कधी घ्यायच्या?' पुढच्या आठवड्यात महाडला किंवा पोलादपूरला दुय्यम निबंधकाच्या दारात दोन बहिणी उभ्या असतात. डोळे अजून सुजलेले. हक्कसोडपत्र आधीच टाईप करून आणलेलं. सही, अंगठा, फोटो. परतताना भाऊ एक साडी घेऊन देतो.

हे आम्ही कुणा सवर्णाच्या घरातलं सांगत नाही. बौद्धवाडीतलं सांगतो आहोत.

25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती जाळली ती याच महाडात. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब आपल्या आयाबायांशी वेगळे बसून बोलले. दर 25 डिसेंबरला आम्हीही तिथं घोषणा देतो, फोटो टाकतो. पण त्या ग्रंथात नेमकं काय होतं म्हणून तो जाळला? अस्पृश्यता तर होतीच. बाईला स्वतंत्र म्हणून न मोजण्याची व्यवस्थाही होती. पिंड देणारा मुलगा आणि मालमत्ता घेणारा मुलगा ही जोडी धर्मशास्त्रांनीच जमवली. आपण 1956 ला बावीस प्रतिज्ञा घेतल्या. श्राद्ध नाही, पिंडदान नाही. कावळ्याची वाट बघणं बंद झालं. मग ज्या मुलाला पिंडच द्यायचा नाही, त्याला बहिणीपेक्षा जास्त कशासाठी मिळावं? याचं उत्तर आजवर आम्हाला कुणी दिलेलं नाही. (दिवाळी पाळत नाही म्हणणाऱ्या घरातही भाऊबीजेची साडी कशी टिकून राहते, हे आता कळतं. ती फार स्वस्त पडते.)

युक्तिवाद मात्र भरपूर ऐकले. सगळ्यात हुशार युक्तिवाद आमच्यासारख्या शिकलेल्या पोरांचा: 'आम्ही बौद्ध, हिंदू वारसा कायदा आम्हाला का लावता?' बौद्धांना स्वतंत्र कायदा हवा ही मागणी जरूर करा, आम्हीही करतो. पण आज 1956 चा हा कायदा त्याच्या दुसऱ्या कलमाने बौद्धांनाही लागू आहे. हिंदू कोड बिलात मुलीला मुलाइतका वाटा देण्यासाठी झगडले ते बाबासाहेब, आणि ते बिल रखडवलं गेलं म्हणून 1951 ला मंत्रिपदावर पाणी सोडलं तेही बाबासाहेबांनीच. त्यांनी मागितलेला वाटा नाकारायला त्यांचाच धम्म पुढे करायचा, याला काय म्हणावं?

दुसरा युक्तिवाद लग्नातल्या खर्चाचा. लग्न भावाचंही झालं. त्याच्या खर्चाचा हिशेब वाटणीत कोण धरतं?

तिसरा जरा जड आहे. 'आहेच किती? दहा गुंठे, त्यात वाटे किती घालायचे?' जमीन थोडी आहे हे खरं. बरीचशी जुन्या महार वतनाची. ज्या वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 ला मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते 1958 च्या कायद्याने संपलं आणि जमीन नव्या अटीच्या शर्तीवर परत मिळाली. कित्येक सातबाऱ्यांवर अजून पणजोबाच आहेत. पण मुंबई-गोवा महामार्ग महाड-पोलादपुरातून रुंद होत गेला तेव्हा याच गुंठ्यांना मोबदला लागला. मोबदला विचारतो, नाव कुणाचं? वाटणीचा वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयाकडे जातो आणि पैसा अडकतो. दहा गुंठ्यांसाठी भाऊ भावाशी भांडतो, तेव्हा मात्र जमीन थोडी नसते!

बहिणींनो, सही करण्याआधी एवढं ध्यानात ठेवा. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर, आई, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा 1956 पासून सारखा आहे. वडिलोपार्जितात 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने हिस्सेदार झाली. वडील त्या दिवशी हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात 2020 ला स्पष्ट केलं. वारस नोंदीतून भावाने नाव गाळलं तरी हक्क जात नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. फेरफाराची नोटीस निघते तेव्हा हरकत घ्या, मंजूर झाला तर प्रांताकडे अपील करा. नोंदणीकृत हक्कसोडपत्राचं मात्र तसं नाही. ते एकदा झालं की परत फिरणं फार अवघड. मुंबईच्या खोलीवर भाऊ 'नॉमिनी' आहे म्हणून घाबरू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

आणि भावांनो, आईबाप जिवंत आहेत तोवर बोला. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं; स्टॅम्प लागत नाही. साक्षीदार वाटेकरी नसावा एवढं बघा. मुलींना गाळण्यासाठीच मृत्युपत्र करणारेही आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आमच्यापेक्षा मोठा होता.

आता आमच्या घरचं. आजोबा 2009 ला गेले. आमच्या आत्याने सही केली तेव्हा आम्ही कॉलेजात होतो, स्टॅम्पचे पैसे आम्हीच नेऊन दिले. पुढे आत्या विधवा झाली. पोलादपूरकडच्या एका वाडीत दिराच्या घराच्या पडवीत राहते, पावसाळ्यात ताडपत्री लावून. तिला विचारलं, तेव्हा का केलीस सही? म्हणाली, 'माहेर तुटलं असतं रे. जायला दार नको का एक?' दार उघडं राहिलं, पण राहायला जागा कुणी दिली नाही, आम्हीसुद्धा. यंदा आम्ही भावंडांनी ठरवलं, तिच्या वाट्याची जागा बक्षीसपत्राने परत करायची. जमीन नव्या अटीची, म्हणून परवानगीचा अर्ज दिला आहे. तीन चुलत्यांपैकी दोघांनी सह्या केल्या. तिसरे काका दरवर्षी 25 डिसेंबरला महाडला आमच्याच गाडीतून येतात. त्यांची सही अजून व्हायची आहे.